उंटाचा गुडघा कुठे असतो?

पाचवीच्या वर्गात आम्ही फळ्यावर ‘चौपाया’ हा शब्द लिहिला होता. चौ म्हणजे चार, पाया म्हणजे पाय. चार पायांचा तो चौपाया. गाय, बकरी, घोडा, उंट अशी नावं मुलं भराभर सांगत होती. एवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, ‘‘सर, बकरे को चार पाँव किधर रैते? दो दस्त रैते, दो रान रैती.’’

वर्ग हसला. मुलाच्या वडिलांचा मटणाचा धंदा. पिंप्राळ्यात त्यांचं दुकान आहे आणि सुट्टीच्या दिवशी हा मुलगाही तिथे बसतो. आम्हीही हसलो, पण फळ्याकडे पाठ करून उभे असताना अडकलो. उर्दू शिकवणाऱ्याला ‘दस्त’चा अर्थ सांगावा लागत नाही. दस्त म्हणजे हात. दस्तऐवज, दस्तक, दस्तखत, जबरदस्त, सगळीकडे तोच हात आहे. मग बकऱ्याला दोन हात आणि दोन पाय असतील तर तो चौपाया कसा? आणि चौपाया असेल तर खाटकाच्या ओट्यावर त्याला हात कुठून फुटतात?

त्या दिवशी आम्ही ‘‘उद्या सांगतो’’ म्हणून वेळ मारून नेली. शिक्षकाचा उद्या लवकर उजाडत नाही. पण पुढे असं काही घडलं की हा पोरकट वाटणारा प्रश्न आम्हाला थेट हजार वर्षं मागे घेऊन गेला. तेच इथे सांगायचं आहे.

ओट्यावरचे शब्द

आधी दुकानातच जाऊ. गर्दन, सीना, चाप, दस्त, रान आणि पाये ही आमच्याकडच्या ओट्यावरची नावं. पुढच्या अवयवाचा वरचा मांसल भाग म्हणजे दस्त किंवा दस्ती. मागचा तो रान, म्हणजे मांडी. पण गुडघ्याखालचा भाग तोडून वेगळा झाला की पुढचे दोन आणि मागचे दोन मिळून चार ‘पाये’ होतात. हिवाळ्यात रात्रभर मंद आचेवर शिजतात ते हेच. म्हणजे एकच अवयव वर हात आणि खाली पाय! गिऱ्हाइकाला यात काही वावगं वाटत नाही, खाटकालाही नाही.

आम्ही चाचांना विचारलं, ‘‘पुढच्याला दस्त का म्हणता?’’ ते म्हणाले, ‘‘मास्टरसाब, वो सुरी से निकलता. रान को जोड़ खोलना पड़ता.’’ उत्तर शब्दाचं नव्हतं, पण खरं होतं. बकऱ्याला गळपट्टीचं हाड नसतं. त्याचा पुढचा अवयव धडाला सांध्याने जोडलेला नसतो. फऱ्याचं रुंद हाड केवळ स्नायूंनी बरगड्यांवर बांधलेलं असतं. म्हणून धारदार सुरी फिरवली की दस्त सुटून येतो. मागचा पाय मात्र कमरेच्या हाडात खोबणीत बसलेला असतो. तिथे सांधा उघडावाच लागतो. पुढचं आणि मागचं यांची घडणच निराळी आहे, हे खाटकाच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

मराठी बोलीने इतका भेद केला नाही. आपण ‘पुढचे पाय’ आणि ‘मागचे पाय’ म्हणतो. जनावरांना फऱ्या नावाचा रोग होतो. त्याची सूज मागच्या मांडीला येते तशी पुढच्या खांद्यालाही येते. शेतकऱ्याला दोन्हींसाठी एकच नाव पुरतं, कारण दोन्हीकडून जनावर लंगडतं आणि नांगर थांबतो. पण हीच मराठी खारीच्या बाबतीत बदलते. खार दोन हातांत शेंगदाणा धरून खाते, माकड हाताने उवा वेचतं, असंच आपण म्हणतो. मांजराला आपण पंजा देतो. हा पंजा फारसीतल्या ‘पंज’ म्हणजे पाच या शब्दावरून आला, आणि माणसाच्या तळहातालाही आपण पंजाच म्हणतो. हत्तीची गंमत तर आणखी वेगळी. संस्कृतात तो ‘हस्ती’, म्हणजे हात असलेला. पण तो हात पुढच्या पायांत नसून सोंडेत आहे. पुढचे दोन खांब पायच राहिले.

संस्कृतातला हस्त आणि फारसीतला दस्त हे मुळात एकाच घराण्यातले शब्द. जुन्या इराणी भाषेत तो ‘जस्त’ होता. पाद आणि ‘पा’ यांचंही तसंच. पायजम्यातला पाय फारसी आहे, पण तो मराठी माणसाला परका वाटत नाही. शब्द दोन्हीकडे सारखेच असताना वाटणी मात्र वेगवेगळी झाली. खाटेला चार पाय म्हणून ती चारपाई. खुर्चीला मात्र चार पाय असून वर दोन हातही. आपण जिथे हात टेकतो त्याला हात म्हणतो आणि जे जमिनीला टेकतं त्याला पाय म्हणतो. म्हणजे नाव अवयवाला नसून कामाला दिलेलं आहे.

अरबांचा हिशेब

अरबीने ही वाटणी अधिक काटेकोर केली. घोड्याच्या, उंटाच्या, बकरीच्या पुढच्या दोन अवयवांना अरब ‘यद’ म्हणजे हात म्हणतात आणि मागच्या दोघांना ‘रिज्ल’ म्हणजे पाय. चारही एकत्र मोजायचे असतील तर ‘कवाइम’ हा तिसरा शब्द आहे. ज्यांच्यावर जनावर उभं राहतं ते. पुढच्या हाताच्या वरच्या भागाला ‘जिराअ’ म्हणतात. माणसाच्या कोपरापासून पुढच्या हातालाही हाच शब्द आहे. नमाजेत सजदा करताना कुत्र्यासारखे जिराअ जमिनीवर पसरू नयेत, अशी प्रेषितांची (स.) सूचना बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिथे माणसाचा आणि कुत्र्याचा अवयव एकाच नावाने येतो.

बकरीचा जिराअ प्रेषितांना (स.) आवडत असे, हे हदीसच्या ग्रंथांत नोंदलेलं आहे. ७ हिजरीत, म्हणजे इ. स. ६२८ मध्ये, खैबरला एका स्त्रीने त्यांच्यापुढे विषारी मांस ठेवलं, तेव्हा तिने ही आवड विचारून घेऊन त्याच भागात विष अधिक घातलं होतं, असं सीरतकार सांगतात. इमाम तिर्मिजींच्या ‘शमाइल’मध्ये दुसराही एक प्रसंग आहे. रांधणाऱ्या सहाबींकडे प्रेषितांनी एकदा जिराअ मागितला, पुन्हा मागितला, तिसऱ्यांदा मागितला. तेव्हा सहाबींनी नवलाने विचारलं, की बकरीला जिराअ असतात तरी किती? हा प्रसंग चमत्काराचा म्हणून सांगितला जातो. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यातली साधी गोष्ट अशी की सहाबींच्या हिशेबात बकरीला जिराअ दोनच होते, चार नव्हते. मागच्या बाकावरचा मुलगा एकटा नव्हता!

आणि कुरआन? सूरह नूरमध्ये अल्लाहने प्रत्येक सजीव पाण्यापासून निर्माण केल्याचा उल्लेख आहे. काही पोटावर सरकतात, काही दोन पायांवर चालतात, काही चारांवर. अरबी मजकूर नीट पाहिला तर दोनच्या वेळी ‘पाय’ हा शब्द स्पष्ट आलेला आहे. चारच्या वेळी नुसता ‘चार’ हा आकडा आहे, पुढे नाम नाही. यावरून काही सिद्धान्त काढण्याचा आम्हाला अधिकार नाही. आम्ही शाळामास्तर, मुफ्ती नव्हे. पण व्याकरण शिकवणाऱ्याची नजर तिथे क्षणभर थांबते, एवढं खरं. सूरह आराफमध्ये मूर्तींविषयी बोलताना पायांचं काम चालणं आणि हातांचं काम पकडणं असं सांगितलेलं आहे. तिथेही ओळख कामावरून आहे.

सजद्याचा वाद

आता ‘पुढे घडलं’ म्हणालो ते. आमच्या भागातल्या एका मशिदीत एका संध्याकाळी मगरिबनंतर दोन माणसांत जुंपली. एक बुजुर्ग हनफी, दुसरा बाहेरगावी राहून आलेला तरुण. तरुण सजद्यात जाताना आधी हात टेकवतो, मग गुडघे. बुजुर्गांनी त्याला हटकलं, ‘‘बेटा, ऊँट की तरह मत बैठो.’’ तरुण ताडकन म्हणाला, ‘‘चाचा, ऊँट की तरह तो आप बैठते.’’ आवाज चढले, बाकीचे मध्ये पडले. आठ दिवस त्या दोघांत सलाम-दुआ बंद. त्या तरुणाचा धाकटा भाऊ आमच्या शाळेत. त्याला वर्गातली पोरं ‘ऊँट’ म्हणून चिडवू लागली. तेव्हा मात्र आम्हाला पुस्तकं उघडणं भाग पडलं.

दोघंही उंटाचंच नाव घेत होते, आणि दोघांचाही आधार हदीसच होता. अबू दाऊद आणि नसाई यांच्या संग्रहांत हजरत अबू हुरैरांकडून आलेली एक हदीस आहे. तिचा आशय असा, की सजद्यात जाताना उंट बसतो तसं बसू नये, गुडघ्यांच्या आधी हात ठेवावेत. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्याकडे हजरत वाइल बिन हुज्र यांची दुसरी हदीस आहे, प्रेषितांना (स.) आधी गुडघे आणि मग हात ठेवताना त्यांनी पाहिलं होतं. इमाम अबू हनीफा, इमाम शाफिई आणि प्रसिद्ध मतानुसार इमाम अहमद हे दुसऱ्या हदीसप्रमाणे गुडघे आधी ठेवण्याच्या बाजूचे. इमाम मालिक आणि इमाम औजाई हात आधी ठेवण्याच्या बाजूचे. आपल्याकडे अहले-हदीस मंडळी हात आधी ठेवतात.

पहिल्या हदीसमध्येच एक गाठ आहे. उंट बसताना कोणता अवयव आधी टेकवतो? पुढचा. कच्छ-काठेवाडकडचे मेंढपाळ उंटांवर संसार लादून खानदेशातून जातात, त्यांचा मुक्काम पाहिलेल्या कोणालाही हे ठाऊक असेल. उंट आधी पुढचे दुमडतो, मग मागचं धड खाली आणतो आणि शेवटी छातीवर टेकतो. आता हे पुढचे अवयव हात मानले तर उंट हात आधी ठेवतो. मग ‘उंटासारखं बसू नका’ आणि ‘हात आधी ठेवा’ ही दोन वाक्यं एकमेकांविरुद्ध जातात. पण पुढच्या अवयवात जो सांधा जमिनीला टेकतो तो गुडघा मानला, तर उंट गुडघे आधी टेकवतो आणि दोन्ही वाक्यं बरोबर जुळतात. सगळा वाद या एका गोष्टीवर येऊन ठेपतो, की उंटाचा गुडघा कुठे असतो, हातात की पायात?

इजिप्तचे इमाम तहावी (मृत्यू ३२१ हिजरी, इ. स. ९३३) यांनी यावर स्पष्ट उत्तर दिलं. उंटाचे गुडघे त्याच्या हातांत असतात, सगळ्या चौपायांचं तसंच आहे. माणसाचं मात्र तसं नाही. म्हणून हदीसच्या शब्दांत विसंगती नाही. यात मोठी गोष्ट अशी, की तहावी स्वतः हनफी. त्यांच्या या खुलाशाने समोरच्या बाजूची हदीस बळकट होत होती. तरी त्यांनी भाषेतलं खरं ते लिहिलं, आणि नंतर इतर पुराव्यांचा विचार करून गुडघे आधी ठेवण्याच्या आपल्या मताला दुजोरा दिला. आपल्या बाजूची गैरसोय होईल असं सत्य आधी मान्य करायचं आणि मग वाद घालायचा, ही रीत आज कितीजण पाळतात?

चौदाव्या शतकात दमिश्कचे इब्ने कय्यिम (मृत्यू ७५१ हिजरी, इ. स. १३५०) यांनी ‘जादुल मआद’ या ग्रंथात उलट बाजू मांडली. त्यांच्या मते गुडघा फक्त पायात असतो. उंटाच्या हातात गुडघा असतो हे बोलणं समजण्यासारखं नाही, भाषेच्या जाणकारांना ते माहीत नाही. पुढच्या सांध्याला कोणी गुडघा म्हटलंच तर ते मागच्याच्या जोडीने, ओघात म्हटलेलं. म्हणून हदीस सांगणाऱ्या कोणाकडून तरी शब्दांची अदलाबदल झाली असावी, असा त्यांचा तर्क.

पण भाषेच्या जाणकारांचं म्हणणं काय होतं? इब्ने मंजूर (मृत्यू ७११ हिजरी) यांचा ‘लिसानुल अरब’ हा अरबीचा प्रचंड शब्दकोश इब्ने कय्यिम यांच्या आधीच तयार झाला होता. त्यात चौपायांचे गुडघे हातांत आणि घोटे पायांत असतात अशीच नोंद आहे. हात आधी ठेवणारे आणखी एक दाखला देतात तो हिजरतच्या प्रसंगाचा. प्रेषितांचा (स.) पाठलाग करणाऱ्या सुराका बिन मालिक यांनी पुढे स्वतःच सांगितलेली हकीकत बुखारींनी नोंदवली आहे. त्यात त्यांच्या घोड्याचे दोन ‘हात’ गुडघ्यांपर्यंत जमिनीत रुतल्याचं वर्णन आहे. म्हणजे बोलणाऱ्या अरबाच्या तोंडी घोड्याला हातही होते आणि त्या हातांत गुडघेही होते.

बसऱ्याहून कलकत्त्याला

हा प्रश्न फक्त मशिदीतला नव्हता. ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल याने प्राण्यांच्या अवयवांवरील ग्रंथात म्हटलं होतं, की माणसाला पुढच्या पायांच्या जागी बाहू आणि हात आहेत. माणूस सरळ उभा राहतो, म्हणून त्याला पुढचे पाय लागत नाहीत. ज्यांना बोटं अधिक आहेत असे प्राणी पुढच्या पायांचा हातासारखाही उपयोग करतात आणि हत्ती ते काम सोंडेने करतो, हेही त्याने लिहून ठेवलं. त्याचे प्राण्यांवरचे ग्रंथ नवव्या शतकात अरबीत आले. बसऱ्याचा जाहिज (मृत्यू इ. स. ८६८-६९) याने ‘किताबुल हयवान’ हा आपला मोठा ग्रंथ लिहिताना त्यांतून पुष्कळ घेतलं आणि ठिकठिकाणी त्यांच्याशी वादही घातला.

त्याच बसऱ्यात दहाव्या शतकात ‘इख्वानुस्सफा’ या नावाने लिहिणारी विद्वानांची मंडळी झाली. त्यांच्या लेखनात एक विलक्षण खटला आहे. जनावरं जिनांच्या बादशहाकडे माणसाविरुद्ध फिर्याद घेऊन जातात. आपण सरळ उभे राहतो म्हणून मालक आणि ही वाकलेली म्हणून गुलाम, असा माणसाचा दावा. जनावरांचं उत्तर असं, की निर्मात्याने ज्याला जशी गरज तसा देह दिला. त्यात मालकीचं काय आलं? या कथेचं उर्दू भाषांतर मौलवी इकराम अली यांनी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी १८१० साली केलं. इंग्रज अधिकाऱ्यांनी उर्दू शिकावी म्हणून ते पुस्तक होतं. हात कोणाला आणि पाय कोणाला, हा शब्दांचा खेळ नसून मालकी कोणाची याचा प्रश्न आहे, हे त्या अधिकाऱ्यांपैकी किती जणांच्या ध्यानात आलं असेल कोण जाणे.

युरोपातही हीच गाठ पडली होती. जर्मन शास्त्रज्ञ ब्लूमेनबाख याने माणसाला ‘द्विहस्त’ आणि माकडांना ‘चतुर्हस्त’ असे वेगळे वर्ग दिले. फ्रान्सच्या क्युव्हिएनेही तेच चालवलं. माकडाचे मागचे पायही फांदी धरतात, म्हणून त्याला चार हात! माणूस एकटाच दोन हात आणि दोन पायांचा, म्हणून सगळ्यांहून वेगळा. १८६३ साली थॉमस हक्सली याने गोरिलाच्या मागच्या अवयवाची हाडं आणि स्नायू माणसाच्या पायाशी ताडून पाहिले आणि दाखवलं, की तो कितीही पकडत असला तरी हाडांच्या रचनेने पायच आहे. कामावरून हात ठरवायचा की हाडांवरून, हा त्या वादाचा गाभा होता. आणि त्यामागे माणूस इतर सजीवांचा नातेवाईक आहे की नाही, हा खरा धगधगता प्रश्न होता.

हाडांवरून पाहण्याची रीत त्याही आधीची. १५५५ मध्ये फ्रान्सच्या प्येर बेलाँने पक्ष्याचा आणि माणसाचा सांगाडा शेजारी शेजारी छापून पंख आणि हात यांची हाडं जुळवून दाखवली होती. १८४३ मध्ये इंग्लंडच्या रिचर्ड ओवेनने या सारखेपणाला शास्त्रीय व्याख्या दिली आणि १८५९ मध्ये डार्विनने त्याचं कारण सांगितलं. आता आमची दहावीची मुलं विज्ञानाच्या पुस्तकात माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पर यांची चित्रं एका ओळीत पाहतात. तिथेही माणसाचा तो हात आणि बैलाचा तो पाय. हाडं तीच, नाव निराळं.

हाडं काय सांगतात

हाडांची साक्ष काढली तर आमच्या उंटाचं काय होतं? उंटाच्या, बैलाच्या, घोड्याच्या पुढच्या अवयवात ज्याला आपण गुडघा म्हणतो तो शरीरशास्त्राने मनगट आहे. त्याच्या खालची लांब नळी म्हणजे तळहाताची हाडं, आणि खूर म्हणजे बोटांची नखं. घोडा एकाच बोटावर, मधल्या बोटावर उभा असतो; बैल, बकरी आणि उंट दोन बोटांवर. मागच्या अवयवाचा खरा गुडघा वर पोटाजवळ असतो आणि मागे उलटा वाकलेला दिसणारा सांधा हा घोटा आहे.

म्हणजे इब्ने कय्यिम म्हणाले की खरा गुडघा मागच्या पायात असतो, ते हाडांच्या हिशेबाने बरोबर. तहावी आणि इब्ने मंजूर म्हणाले की अरब पुढच्या सांध्याला गुडघा म्हणतात, ते भाषेच्या हिशेबाने बरोबर. शब्दकोशाने मागच्या सांध्याला घोटा म्हटलं, ते तर दोन्ही हिशेबांनी बरोबर. आणि हदीस शरीरशास्त्राचा धडा देत नव्हती. उंट रोज पाहणाऱ्या माणसांशी त्यांच्याच बोलीत बोलत होती. जो तो आपल्या जागी खरा होता. चूक होती ती एकाचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत मांडण्याची.

आमच्या विद्यार्थ्याचंही तसंच. पाये म्हणून शिजणाऱ्या चारांपैकी दोन शास्त्राने तळहात आणि बोटं आहेत. पण बकरी त्यांच्यावर उभी राहते, चालते. घोड्याच्या देहाचा तर साधारण ६० टक्के भार पुढच्या दोघांवरच असतो. जो भार वाहतो त्याला पाय म्हणायचं नाही तर कशाला? कुर्बानीच्या मसाइलमध्येही जनावर लंगडं आहे का हे पाहताना चारही पाय सारखेच धरले जातात. तीन पायांवर चालणारं आणि चौथा टेकवताच न येणारं जनावर चालत नाही. तो चौथा पुढचा की मागचा, हे कोणी विचारत नाही.

एकच सफ

राहता राहिले मशिदीतले ते दोघं. इब्ने कय्यिम यांचेच गुरू इब्ने तैमिया यांनी या प्रश्नावर दिलेलं उत्तर आम्हाला फतव्यांच्या संग्रहात सापडलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही रीतींनी नमाज होते, यावर सर्व उलमांचं एकमत आहे. मतभेद आहे तो अधिक चांगली रीत कोणती एवढ्यापुरता. हजार वर्षांच्या वादाचा निकाल इतका शांत!

असं असूनही आपल्या देशात नमाजेतल्या बारीक गोष्टींवरून माणसं कोर्टापर्यंत गेली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘आमीन’ मोठ्याने म्हणावं की मनात, यावरून अलाहाबाद हायकोर्टात खटले चालले. १८८५ च्या रमजान खटल्यात सर सय्यद अहमद खान यांचे चिरंजीव न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी अरबी ग्रंथ स्वतः वाचून वेगळं निकालपत्र लिहिलं. मोठ्याने आमीन म्हणणाऱ्यालाही मशिदीत तेवढाच हक्क आहे, अशी त्यांची भूमिका होती. असा निवाडा द्यायला न्यायाधीश लागावा, हीच खेदाची गोष्ट. शेजारी उभा असलेला नमाजी तो देऊ शकला असता.

आम्ही हे सगळं कागदावर उतरवून आधी त्या बुजुर्गांकडे गेलो. तहावी हनफी होते आणि तरी त्यांनी काय लिहिलं, हे त्यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘तो ऊँट के घुटने हाथ में रैते?’’ आम्ही म्हणालो, ‘‘अरबों के यहाँ रहते हैं, चाचा. डॉक्टरों के यहाँ नहीं.’’ ते हसले. तरुणाला आम्ही इब्ने तैमियांचं मत दाखवलं. तो हसला नाही, पण पुढच्या जुम्म्याला त्याने सलाम केला आणि चाचांनी जवाब दिला. दोघं आजही आपापल्या रीतीने सजद्यात जातात, एकाच सफमध्ये.

वर्गातलं काम मात्र शिल्लक होतं. गिरणेच्या बाजूला उंटांचा एक तांडा उतरल्याचं कळलं तेव्हा आम्ही आठ-दहा मुलांना घेऊन गेलो. दस्त-रानवाला होता, आणि ज्याला ‘ऊँट’ म्हणून चिडवत होते तोही होता. मेंढपाळाने उंटिणीला बसवून दाखवलं. मुलं श्वास रोखून पाहत होती. तिने आधी पुढचे दुमडले, मग मागचे, मग छाती टेकवली.

‘‘क्या रखा पहले?’’ आम्ही विचारलं.

‘‘हाथ,’’ एक म्हणाला. ‘‘घुटने,’’ दुसरा म्हणाला. ‘‘पाँव,’’ तिसरा म्हणाला.

आम्ही तिघांनाही बरोबर म्हटलं, आणि का ते परतीच्या वाटेवर सांगत आलो.